फणसाचा रविवार

मुलुंड सोडल्यापासून रिक्षावाल्याचं अर्धं लक्ष रस्त्यावर होतं आणि अर्धं आरशात. आरशात वनमाला दिसत होती, आणि वनमालाच्या मांडीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेला कोयता. कोयता कागदात गुंडाळला की तो कोयताच आहे हे जास्तच उठून दिसतं, ही गोष्ट सत्तर वर्षांत तिच्या कधी ध्यानात आली नव्हती.

"मौसी, कुछ लफडा है क्या?" पवईच्या सिग्नलला त्याने अखेर धीर करून विचारलं.

"लफडा नाही रे बाबा, फणस आहे," असं म्हणून वनमालाने पायाशी ठेवलेल्या दोन फणसांपैकी मोठा चपलेने आत सरकवला.

"इनके देवर के पास जा रहे हैं, साकीनाका," शेजारी अंग चोरून बसलेल्या सुनेने, रुचिराने, खुलासा केला. त्याने त्याचं समाधान व्हायच्याऐवजी रिक्षाचा वेगच वाढला.

लफडा होताच म्हणा. घाडी खानदानाचा एक नेम होता. मे महिन्यात गावाहून लक्झरीच्या टपावरून फणस यायचे, आणि त्या रविवारी जो असेल तो, जिथे असेल तिथून, वनमालाकडे हजर व्हायचा. हा रविवार सासूने परळच्या खोलीत सुरू केला होता. पुढे सासू गेली, गिरणी बंद पडली, खोली विकली, वनमालाचा नवराही गेला. रविवार तेवढा टिकून राहिला. टिकला कारण वनमालाशिवाय कुणाला फणस कापता येत नव्हता. दुसऱ्या कुणी हात लावला की चीक केसांत जायचा, गरे जमिनीवर पडायचे आणि मग भांडण शेजारच्या ब्लॉकपर्यंत ऐकू जायचं. म्हणून सगळे तिच्याभोवती गोल करून बसायचे. ती हाताला खोबरेल चोळायची, कोयता चालवायची, एकेकाच्या वाडग्यात गरे टाकायची. त्या दुपारी गणपतीतल्या मखरावरून अबोला धरलेले काका-पुतणेसुद्धा एकमेकांशी बोलायचे, कारण तोंडात गरा असताना अबोला पाळणं कठीणच असतं.

यंदा मात्र रविवार साकीनाक्याच्या गाळ्यात ठरला होता. का, तर पुतण्याने, सुयोगने, फणस कापायचं मशीन बनवलं होतं आणि ते मुलुंडच्या लिफ्टमध्ये मावत नव्हतं.

"मशीन मावत नाही म्हणून माणसांनी घर बदलायचं," वनमाला आठवडाभर भिंतीला सांगत होती. भिंतीपाशी बोलायचं कारण असं की घरात तिच्या बाजूने कुणीच उरलं नव्हतं. तिच्या पोटचा मुलगा सिद्धेश सोमवारपर्यंत तिच्याकडून होता. मंगळवारी सुयोगने त्याला मशीनच्या विक्रीचा प्रमुख केला, आणि बुधवारी तो 'प्रगती कुणाला थांबवता आलीये का, आई?' असं विचारू लागला. प्रगतीशी तिचं काही भांडण नव्हतं. तिला भीती वेगळीच होती, आणि ती अगदी साधी होती. मशीन फणस कापायला लागलं, तर आपल्या घरी कोण कशाला येईल?

एक काम मात्र अजून तिच्याच हातात होतं, ते म्हणजे फणस निवडणं. फणस दोन जातींचा. कापा असतो तो कडक, त्याचे गरे सुटे निघतात, चावून खायचे. बरका असतो तो गिळगिळीत, हात घातला की रसच रस. बाहेरून दोघे सख्खे भाऊ. आत कोण आहे ते टिचकी मारूनच ओळखायचं, आणि टिचकीच्या बाबतीत वनमालाला स्वतःविषयी अजिबात शंका नव्हती. सुयोगने सगळ्या चाचण्या कापा फणसावर केल्या होत्या, हे सिद्धेशच्या बडबडीतून तिला कळलं होतं. पुढचं काय ते तिचं तिने ठरवलं.

"मोठा मशीनला, धाकटा मला," निघताना ती म्हणाली होती.

"किती मोठं मन आहे हो आई तुमचं!" रुचिरा म्हणाली होती.

त्यावर वनमालाने बराच वेळ लिफ्टच्या आकड्यांकडे पाहिलं होतं.

गाळ्याच्या दारावर सिद्धेशने फ्लेक्स लावला होता. 'फणसराज' असं लाल अक्षरांत, खाली 'यंत्राचे जनक' आणि मग फोटो. मुंबईत बारशापासून बोअरिंगपर्यंत कशालाही फ्लेक्स लागतो, तेव्हा जनकांना लागणारच. फ्लेक्सखाली भांडण चालू होतं.

"माझो फोटो सुयोगाच्या खाली कित्याक?" गुणाजी विचारत होता. वनमालाचा हा धाकटा दीर गिरणीत साचे, म्हणजे कापडाचे माग, दुरुस्त करणारा फिटर होता. संपानंतर त्याने हा गाळा टाकला. साठी उलटून गेली तरी बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्याच.

"काका, तुमच्या वर तुमचाच मुलगा आहे ना!"

"म्हणानच इचारतंय. आणि तुजो फोटो सगळ्यात मोठो कसो झालो? तू काय केलंस?"

"मी नाव दिलं," सिद्धेश म्हणाला. "काका, ब्रँडिंग म्हणतात त्याला."

वनमालाने फ्लेक्स नीट वाचला. गुणाजी होता, सुयोग होता, सिद्धेश तर होताच, कोपऱ्यात रुचिराही होती. रुचिरा कशाची जनक, ते तिला कळेना. तिचा स्वतःचा फोटो कुठेच नव्हता. मधोमध एक फणस होता.

"तू विरोधात होतीस ना आई," सिद्धेश घाईघाईने म्हणाला. "मला वाटलं, तुला आवडणार नाही."

"बरोबर आहे. फणसाचा फोटो छान आलाय हो," वनमाला म्हणाली आणि कोयता उराशी धरून आत गेली. तिला वाईट वाटलं होतं, आणि वाईट वाटलं की ती फार गोड बोलायची. घाडी खानदानात हे सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळे सिद्धेश तिच्यापासून चार हात लांबच राहिला.

आत लेथ, ड्रिल आणि पत्र्याचे तुकडे भिंतीला सारून मध्ये जागा केली होती. एका प्लॅस्टिकच्या खुर्चीत पाहुणे बसले होते. नंदकुमार सावंत, कुडाळला त्यांचा फळांवर प्रक्रिया करायचा कारखाना. अंगात पांढराशुभ्र, कडक इस्त्रीचा शर्ट. फणस बघायला पांढरा शर्ट घालून येणारा माणूस कोकणातला कसा, असा वनमालाला प्रश्न पडला, पण तिने तो गिळला. मशीन पसंत पडलं तर सावंत पहिली ऑर्डर देणार होते.

मशीन म्हणजे एक स्टीलचं टेबल, त्यावर फणस खोचायला फिरता खिळा, आणि बाजूला एक लांब हात. हाताच्या टोकाला पातं, पात्यावर थेंबथेंब खोबरेल सोडणारी नळी. कामगार पंख्याकडे तोंड करून उभे असतात तसं ते उभं होतं.

"आधी रिकामं चालवून दाखवतो," सुयोग म्हणाला. बत्तीस वर्षांचा पोरगा, जाड चष्मा, दोन रात्रींची झोप डोळ्यांत. त्याने लॅपटॉपवर काहीतरी दाबलं.

"हय बघा, पातां मागे-पुढे कसा जाता!" गुणाजी पाहुण्यांच्या कानाशी ओरडला. "हो गिरणीतलो धोटो. सुतात फिरायचो, आता फणसात फिरता. कल्पना कोणाची?"

"बाबा, धोट्याने फक्त ढकललं. कंट्रोल माझा आहे."

"ढकलल्याशिवाय तुजो कंट्रोल काय वारो घालतलो?"

वनमालाचं त्या दोघांकडे लक्ष नव्हतं. ती त्या हाताकडे बघत होती. हात खाली यायचा, एक काप घ्यायचा, वर उचलला जायचा आणि वर गेला की थांबून एक झटका द्यायचा. पुन्हा खाली, काप, वर, झटका. हे आपण कुठेतरी पाहिलंय, असं तिला वाटत होतं. ओळखीचा माणूस दुसऱ्याच्या कपड्यांत दिसावा तसं.

"हा झटका बघितलात ना सावंतसाहेब?" सुयोगचा आवाज चढला. "सगळं गुपित ह्या झटक्यात आहे. अँगल, जोर, वेळ, सगळं मोजलेलं. तीन महिने फक्त ह्याच्यावर गेले."

"कुठून आणलास हा झटका?" वनमालाने विचारलं.

सुयोगने रुचिराकडे पाहिलं. रुचिराने पंख्याकडे पाहिलं.

"आई, ते गेल्या वर्षी..." रुचिरा म्हणाली. ती घाटकोपरच्या एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट होती. मोडकी मनगटं दुरुस्त करणं तिचं कामच. "तुम्ही फणस कापत होतात तेव्हा मी थोडासा व्हिडिओ काढला. सुयोगला हाताची हालचाल हवी होती. मी मनगटाचे कोन काढून दिले, बस."

"मला वाटलं, तू माहेरच्यांना दाखवतेयस."

"त्यांनाही दाखवला."

म्हणजे हा आपला हात. वनमालाने मशीनकडे पुन्हा पाहिलं, आणि मग तिला तो झटका कळला. कळला तशी तिने पदराचा बोळा तोंडात कोंबला, नाहीतर ती पाहुण्यांसमोर खदखदून हसली असती.

तिच्या उजव्या हातात सासूची पाटली होती. सासूबाईंची मनगटं चांगली जाडजूड, वनमालाची काटकुळी. हाताला तेल लागलं की पाटली घसरून पंजावर यायची, म्हणून दर कापानंतर हात वर करून, झटका देऊन ती पाटली कोपराकडे पाठवायची. चाळीस वर्षांची सवय. आणि ह्या शहाण्यांनी, पदवीधरांनी, तीन महिने खपून लोखंडाला पाटली वर सारायला शिकवलं होतं! ज्या लोखंडाला पाटली नाही, त्याला!

सांगावं का? सांगणार होती ती. पण दारावरच्या फ्लेक्समधला फणस तिला आठवला, आणि ती गप्प बसली.

"लावा की मग फणस," ती गोड आवाजात म्हणाली. "मोठा लावा."

सिद्धेश आणि सुयोगने मिळून मोठा फणस खिळ्यावर खोचला. गुणाजीने जाता जाता त्याच्यावर बोटाने टिचकी मारली आणि त्याचे डोळे बारीक झाले. त्याने वनमालाकडे वळून तोंड उघडलं, तेवढ्यात सुयोगने बटण दाबलं.

पहिला काप झकास बसला. पातं आत गेलं, धोटा खटखटला, फणस उघडला. मग हात वर आला, त्याच्यासोबत पसाभर पिवळा लगदा वर आला, आणि मशीनने मोजूनमापून, योग्य कोनात, योग्य जोराने झटका दिला.

लगदा सावंतांच्या शर्टावर बसला.

"बंद कर!" सिद्धेश ओरडला. सुयोग लॅपटॉपकडे धावला आणि दुसरा झटका त्याच्या चष्म्यावर आला. चष्मा पिवळा झाला, त्याला बटण दिसेना. मशीनला कुणी सांगणारं नव्हतं, ते आपलं काम इमानेइतबारे करत होतं. काप, वर, झटका. काप, वर, झटका. रुचिरा ड्रिलच्या मागे लपली. सिद्धेश फ्लेक्स आडवा धरायला दाराकडे पळाला आणि त्याच्या पाठीवर एक आठळी खाडकन बसली. गुणाजी टेबलाखाली शिरून वायर शोधत होता आणि शोधता शोधता मालवणीत जे काही बोलत होता ते पाहुण्यांनी ऐकू नये असं होतं. सुदैवाने पाहुण्यांच्या कानात गरा होता.

अखेर गुणाजीने प्लग ओढला. हात वर गेलेला होता, तसाच थांबला. छताच्या पंख्यावरून एक चिकट धागा सावकाश खाली आला.

"वाट लागली," सिद्धेश हळूच म्हणाला.

गुणाजी टेबलाखालून बाहेर आला आणि सरळ वनमालापाशी जाऊन उभा राहिला.

"वयनी, हो बरको."

"असेल."

"तुका म्हायत होता."

"असेल," वनमाला म्हणाली. आता गोड बोलून भागणार नव्हतं, तेव्हा तिने पदर खोचला. "मग? तुमच्या मशीनला फक्त कापाच चालतो का? गावात झाडाला काय पाटी लावलेली असते, हा कापा, हा बरका? उद्या कुणी विकत घेतलं आणि बरका लावला तर त्याच्या घरी काय होईल? बरं झालं इथेच झालं ते."

हे सगळं तिने त्याच क्षणी रचलं होतं. तोंडातून बाहेर पडल्यावर ते इतकं बरोबर वाटलं की तिला स्वतःलाच आश्चर्य वाटलं.

"आई, तू मुद्दाम..." सिद्धेश म्हणाला.

"थांबा हो," नंदकुमार सावंत म्हणाले. सगळे त्यांना विसरलेच होते. त्यांनी शर्टाच्या बाहीवरचा लगदा बोटाने घेतला होता आणि ते चाखत होते. "ताई बरोबर बोलतायत. आमच्याकडे येणारा निम्मा माल बरकाच असतो. फणसपोळीला तोच लागतो. बायका चाळणीवर घासून घासून रस काढतात, हात सोलून निघतात त्यांचे. तुमच्या मशीनने तर दोन मिनिटांत..." त्यांनी पंख्याकडे, भिंतीकडे, स्वतःच्या पोटाकडे पाहिलं. "रस काढलाय सगळा. तो पकडायला एक डबा हवा, एवढंच. आणि कापाही बघतो मी. शर्ट तर गेलाच आहे."

"डबा बसवू की!" सिद्धेश पुन्हा विक्रीप्रमुख झाला. "मॉडेल नंबर दोन. बरका स्पेशल."

वनमालाला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. मशीन मोडायला निघाले आणि त्याला बढती देऊन बसले! वर कापाही बघायचाय म्हणे. कापा एकच होता, तोही तिच्या पायाशी. तिने नाही म्हटलं असतं तर तिथेच संपलं असतं.

पण सुयोग एका पिंपावर बसला होता. चष्मा पुसत होता आणि पुसून पुसून तो आणखी चिकट करत होता. त्याच्या नाकाच्या शेंड्याला एक धागा लोंबत होता आणि ओठ, हसायचं की रडायचं ते न ठरवता, मधेच थांबले होते. लहानपणी चीक केसांत गेला की तो असाच बसायचा, आणि वनमाला तेल लावून एकेक केस सोडवायची. तिचा जीव कळवळला. रविवार गेला तर गेला, पण पोराचं असं तोंड तिला बघवेना.

"ऊठ रे," ती म्हणाली. "इकडे आण तो चष्मा." तिने पिशवीतून खोबरेल काढलं, काचा तेलाने पुसल्या, मग साबणाने धुऊन त्याच्या नाकावर बसवल्या. "आणि लाव माझा धाकटा. तो कापा आहे. आधी पात्याला तेल जास्त सोड, थेंबाथेंबाने काय होतंय! देवाला घालतोयस का?"

"काकी, खरंच लावू?"

"लाव. आणि तो झटका काढून टाक मशीनमधून."

"झटका? अगं झटक्यातच तर..."

"अरे सोन्या, पाटली वर सारते मी!" आणि तिने हात वर करून झटका दिला. पाटली सर्रकन कोपराकडे गेली.

रुचिराने आपल्या मनगटाकडे पाहिलं, मग वनमालाच्या. "अय्या," ती म्हणाली. "मी त्याचे कोन काढले."

गुणाजी आधी खोकला, मग त्याचे खांदे हलायला लागले, आणि मग तो लेथवर डोकं टेकून एवढा हसला की डोळ्यांतून पाणी आलं. "तीन म्हयने!" तो म्हणत होता. "आमच्या आवशीची पाटली! तीन म्हयने!"

सुयोग कानापर्यंत लाल झाला. त्याने लॅपटॉपवर झटक्याची ओळ पुसून टाकली, न हसताच धाकटा फणस खोचला आणि बटण दाबलं.

पहिला काप सुरेख. दुसराही. तिसऱ्याला पातं फणसात गेलं ते गेलंच. मोटर कण्हली. हाताने सगळी ताकद लावली, आणि फणस खिळ्यासकट उचलून हवेत धरला, बक्षीस मिळालेल्या पैलवानासारखा. गुणाजीने पुन्हा प्लग ओढला.

"चीक," वनमाला जवळ जाऊन म्हणाली. पात्यावर चिकाचा पांढरा थर जमला होता. "माझ्या कोयत्याला कधी एवढा जमत नाही."

"का नाही जमत?" सुयोगने विचारलं.

"का म्हणजे? नाही जमत."

दोघं एकमेकांकडे बघत राहिली. मग सुयोगने तिचा उजवा हात धरला, वर केला आणि स्वतःच झटका दिला. पाटली कोपराकडे गेली. त्याच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं.

"काकी, कोयता घे."

तिने कोयता घेतला, तेल लावलं, फणसात एक काप दिला, हात वर करून झटकला. पाटली वर गेली, आणि कोयत्यावरचा ताजा चीक लांब भिंतीवर जाऊन पडला. एका थेंबापुरता, पण पडला. चाळीस वर्षं ती पाटली वर सारत होती, आणि चाळीस वर्षं त्याच झटक्याने चीक उडत होता, आणि दोन्हींपैकी एकच तिला माहीत होतं.

वनमाला मनगटाकडे बघत राहिली. म्हणजे सासूबाईंचे हात जाड होते म्हणून आपल्याला फणस कापता येत होता? तिला हसू आलं. सासूशी तिचं कधीच पटलं नव्हतं.

झटका परत घातला गेला. मशीनने उरलेला फणस असा उघडला की सावंत खुर्चीतून उठून उभे राहिले. गरे एकेक करून, सुटे, न दुखावता, स्टीलच्या परातीत पडले. बघता बघता परात भरली. मग मशीनचा हात शेवटचा एकदा वर गेला, झटका दिला आणि थांबला.

"झाला?" गुणाजीने विचारलं.

"झालं," सुयोग म्हणाला.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सावंतांनी ऑर्डर पक्की केली, कापा आणि बरका दोन्ही मॉडेलची, आणि ते पिवळा शर्ट मिरवत निघून गेले. सगळ्यांनी दोन-दोन गरे उभ्याउभ्याच खाल्ले. गोड होते. मग कुणीतरी पंखा वाढवला. मग सिद्धेशने मोबाइल काढून पाहिला आणि परत ठेवला.

"आता काय करूचा?" गुणाजी म्हणाला.

दुपारभराचं काम मशीनने चहा उकळायच्या आत संपवलं होतं, आणि उरलेल्या दुपारचं काय करायचं ते कुणी ठरवलं नव्हतं. बसायला एकच खुर्ची, तीही चिकट. गुणाजी नि सिद्धेश एकमेकांकडे बघत होते आणि दोघांनाही मखराची आठवण यायला लागलीय हे वनमालाला स्पष्ट दिसत होतं. आणखी जरा वेळ गेला असता तर दोघांनी पुन्हा अबोला धरला असता.

"आठळ्या कोण सोलणार?" ती म्हणाली.

"आठळ्या?"

"त्या काय तुमचं मशीन सोलतं? उकडायच्या, सोलायच्या, मग भाजी. गाळ्यात कुकर आहे का? नाही ना? चला मुलुंडला." ती दाराकडे निघाली आणि जाता जाता, जणू आत्ताच आठवलं असं, म्हणाली, "माझ्या पलंगाखाली अजून चार फणस आहेत. सगळे कापे."

"आई, तू लपवलेस?" सिद्धेश ओरडला.

"लपवले नाहीत. ठेवलेत."

एका टेम्पोत सगळे बसले. फ्लेक्स काढून घ्यायची आठवण वनमालानेच केली. चांगला जाड, धुता येण्यासारखा कपडा फुकट कशाला घालवायचा?

संध्याकाळी मुलुंडच्या हॉलमध्ये तो फ्लेक्स जमिनीवर पसरला होता आणि सगळे त्याच्याभोवती गोल करून बसले होते. मधल्या फणसावर उकडलेल्या आठळ्यांचा वाफाळता ढीग. सालं पडत होती ती नेमकी सिद्धेशच्या फोटोवर, सगळ्यात मोठा तोच होता ना. गुणाजी आणि सिद्धेशचं मखरावरून कडाडून भांडण चाललं होतं, म्हणजे अबोल्याचा धोका टळला होता. वनमाला सगळ्यांच्या मध्ये बसली होती, आठळ्या सोलत होती, आणि तिला फार फार बरं वाटत होतं.

तेवढ्यात तिला मिठाच्या बरणीला टेकवून उभा केलेला मोबाइल दिसला. त्याचा डोळा सरळ तिच्या हातांवर रोखलेला. पलीकडे रुचिरा अगदी निरागस चेहऱ्याने कढीपत्ता निवडत होती, आणि सुयोगने चष्मा पुसून पुसून लख्ख केला होता.

वनमालाने ढिगातून एक आठळी उचलली. ती उजव्या कानापाशी नेली. डोळे मिटले, मान जराशी हलवली, काहीतरी ऐकल्यासारखं केलं. मग सोलली. पुढची उचलली. कान, डोळे, मान. सोलली.

गुणाजीचं भांडण अर्ध्यावर थांबलं. त्याने वहिनीकडे पाहिलं, मोबाइलकडे पाहिलं, पुन्हा वहिनीकडे पाहिलं. मग त्यानेही शांतपणे एक आठळी उचलून कानाला लावली.

सुयोग पुढे सरकला. "काकी," त्याने दबक्या आवाजात विचारलं, "कानाला कशासाठी?"

"ते असं सांगून नाही कळायचं रे," वनमाला म्हणाली, आणि हात वर करून तिने पाटलीला झटका दिला. "पुढच्या वर्षीही ये. इथेच."